चार सेकंद आणि पाचशे मैल

अमेरिकेत मोटार शर्यतींचे दोन प्रकार विशेष लोकप्रिय आहेत आणि दोहोंचा स्वभाव अगदी भिन्न आहे. ‘स्टॉक कार’ शर्यतीत सुमारे ४० मोटारी एकाच मार्गावर तासन् तास फेऱ्या घालतात. फ्लोरिडातील ‘डेटोना ५००’ ही त्यांतील मानाची शर्यत २०० फेऱ्यांची, म्हणजे ५०० मैलांची असते. ‘ड्रॅग’ शर्यतीत मात्र दोनच मोटारी शेजारीशेजारी उभ्या राहतात, हिरवा दिवा लागतो आणि सर्वांत वेगवान गटात १००० फुटांचे अंतर चार सेकंदांच्या आतच संपते.

दोहोंच्या नियामक संस्था जवळजवळ समवयस्क. बिल फ्रान्स यांनी १९४८ मध्ये ‘नॅसकार’ स्थापन केली, तर वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये ‘एनएचआरए’. दोघींचा मोठा आश्रयदाताही एकच होता. १९७१ च्या आरंभी अमेरिकेत दूरचित्रवाणीवरील सिगारेटच्या जाहिरातींवर बंदी आली. जाहिरातीचा पैसा नवी वाट शोधू लागला आणि ‘विन्स्टन’ सिगारेटची उत्पादक कंपनी त्याच वर्षी स्टॉक कारची आणि १९७५ मध्ये ड्रॅग शर्यतींची प्रायोजक झाली.

मग पुढे एवढी तफावत का पडली? त्याचे उत्तर पडद्यावरील वेळेत आहे. १९७९ ची डेटोना शर्यत प्रथमच आरंभापासून अखेरपर्यंत थेट दाखवली गेली. देशाच्या पूर्व भागात हिमवादळामुळे लोक घरीच होते. अखेरच्या फेरीत आघाडीच्या दोन मोटारी एकमेकींवर आदळल्या, चालक हातघाईवर आले आणि हा खेळ घरोघरी पोहोचला. तीन तासांच्या प्रक्षेपणात मोटारीवरील नाव शेकडो वेळा दिसते. चार सेकंदांत ते डोळ्यांपुढून निघून जाते. २०२५ पासूनच्या सात वर्षांसाठी नॅसकारचे प्रक्षेपण हक्क ७.७ अब्ज डॉलरना विकले गेले, यात म्हणूनच नवल नाही.

१९९८ मध्ये तंबाखू कंपन्या आणि बहुसंख्य राज्ये यांच्यात मोठा करार झाला. त्याने प्रत्येक कंपनीला आपल्या नाममुद्रेने एकच प्रायोजकत्व ठेवण्याची मुभा उरली. ‘विन्स्टन’ने स्टॉक कार राखली आणि २००१ च्या हंगामाअखेर ड्रॅग शर्यतींचा निरोप घेतला. पुढे दोनच वर्षांनी ती स्टॉक कारमधूनही बाहेर पडली. जॉन फोर्स हे ड्रॅग शर्यतींचे सोळा वेळचे विजेते. पण २०१४ च्या अखेरीस त्यांचेही दोन मोठे आश्रयदाते, कॅस्ट्रॉल आणि फोर्ड, दूर झाले. कीर्ती मोठी म्हणून प्रायोजक टिकतोच असे नाही.

तरीही ड्रॅग शर्यत जगली, ती मैदानावर येणाऱ्या माणसांमुळे. तेथील प्रत्येक तिकीट प्रेक्षकाला मोटारींच्या ‘पिट’पर्यंत जाऊ देते. दोन फेऱ्यांच्या मधल्या तासाभरात इंजिन पूर्ण उकलून पुन्हा जोडले जाते आणि हे सारे मुलेबाळे हाताच्या अंतरावरून पाहतात. नायट्रोमिथेन या इंधनाच्या वाफेने डोळ्यांत पाणी येते, आवाजाने छाती हादरते. त्याच धावपट्टीवर त्याच दिवशी शेकडो हौशी स्पर्धकही आपापल्या मोटारी घेऊन उतरतात. प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यातील भिंत इथे फार पातळ आहे.

पेढीच्या व्यवहारात जे सत्य, तेच इथेही. मोठ्या ठेवीदाराची ठेव पेढीला मोठे करते, पण तो एका सहीने ती काढून घेऊ शकतो. लहान ठेवीदारांची संख्या वाढवायला वर्षे लागतात. मात्र ते सारे एकाच दिवशी सोडून जात नाहीत. दोन्ही खेळांना दोघांचीही गरज आहे. फक्त कोणाच्या भरवशावर घर उभे आहे, याचा हिशेब चालकांनी दरवर्षी मांडला पाहिजे.