हप्ता परवडतो, भरवसा नाही

२०२३च्या खरिपात राज्य सरकारने पीक विमा एका रुपयात देऊ केला आणि सुमारे १ कोटी ७० लाख अर्ज आले. त्यात सरकारी जमिनींवर आणि देवस्थानांच्या जागांवर उतरवलेले बोगस विमेही निघाले. २०२५च्या खरिपापासून ती सवलत बंद झाली. शेतकऱ्याच्या वाट्याला पुन्हा खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना ५ टक्के हप्ता आला. अर्ज झपाट्याने घटले.

शेतकऱ्याला सगळे फुकटच हवे असते, असा अर्थ यातून लगेच काढला गेला. तो अन्यायाचा आहे. हेक्टरी ५० हजार रुपयांच्या विम्याला २ टक्क्यांनी हजार रुपये होतात. डीएपीची एक गोणी साडेतेराशेला येते. पेरणीच्या तोंडावर हजार रुपयेही जड असतात हे खरे, पण गोणी घेतलीच जाते, कारण ती शेताला लागू पडते.

विम्याचे तसे राहिलेले नाही. हप्ता वाढला त्याच वेळी स्थानिक आपत्ती, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती आणि काढणीनंतरचे नुकसान यांची भरपाई राज्याने योजनेतून काढून टाकली. उरले ते पीक कापणी प्रयोग. महसूल मंडळाचे सरासरी उत्पादन उंबरठा उत्पादनाच्या खाली गेले, तरच पैसे. ओढ्याकाठच्या एकाच शेताची माती वाहून गेली आणि मंडळातली बाकीची शिवारे तरली, तर त्या शेतकऱ्याच्या हाती काहीच येत नाही. शेजाऱ्याच्या खात्यावर गेल्या वर्षी काय जमा झाले, हे सारा गाव जाणतो. पुढच्या जुलैचा निर्णय बहुतेकदा त्यावरच होतो.

काहींना तर निर्णयाची मुभाच नसते. २०२०पासून कर्जदारांना विमा ऐच्छिक आहे, पण मुदतीच्या सात दिवस आधी बँकेला लेखी नकार दिला नाही, तर हप्ता परस्पर कापला जातो. बटईने कसणाऱ्याच्या नावावर सातबारा नसतो, म्हणून जोखीम त्याची असूनही विमा मिळवताना तोच अडतो.

२०२६च्या खरिपापासून वन्यप्राण्यांनी केलेल्या नुकसानीला विम्यात जागा देण्याचे केंद्राने जाहीर केले आहे. राज्याने त्यासोबत स्थानिक आपत्तीची भरपाईही परत आणावी आणि प्रत्येक मंडळाचे कापणी प्रयोगाचे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत, पुढच्या हप्त्याची मुदत सुरू होण्याआधी.