व्हॉल्व्हची स्प्रिंग कडक घालावी की नवी?

घरात ट्रॅक्टर असला आणि एखादा मुलगा यंत्रात डोके घालणारा असला, की हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. मोबाईलवर त्याने शर्यतीच्या मोटारींची इंजिने पाहिलेली असतात. तिथे मूळच्या व्हॉल्व्ह स्प्रिंगा काढून कडक स्प्रिंगा घालतात, वरच्या टोप्या हलक्या धातूच्या बसवतात, आणि गाडी वाऱ्यासारखी पळते. मग तो विचारतो, "अण्णा, आपल्या ट्रॅक्टरला असं का करायचं नाही?" त्याला दटावून गप्प बसवू नका. प्रश्न चांगला आहे आणि उत्तर समजले तर हंगामात इंजिन वाचते.

हेडमधली झडप, म्हणजे व्हॉल्व्ह, रॉकर दाबून उघडतो. ती मिटण्याचे काम मात्र एकटी स्प्रिंग करते. इंजिनाच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक झडप एकदा उघडते. म्हणजे विहिरीवरचे १५०० फेऱ्यांचे डिझेल इंजिन मिनिटाला ७५० वेळा झडप उघडते-मिटते. शर्यतीच्या गाडीचे इंजिन ८००० फेऱ्यांवर गेले, तर तीच झडप सेकंदाला ६६ वेळा हलते. फेऱ्या दुप्पट झाल्या की झडप वेळेवर मागे आणायला जोर दुप्पट नव्हे, चौपट लागतो. जोर कमी पडला की झडप रॉकरच्या मागे राहते, हवेत तरंगते. तेवढ्यात पिस्टन वर आला तर टक्कर होते. झडप वाकते, कधी तिचे डोके तुटून सिलिंडरमध्ये पडते, आणि मग पिस्टन, हेड, लायनर सगळ्यांचाच निकाल लागतो.

म्हणून शर्यतवाल्यांना कडक स्प्रिंग लागते. टोपी टायटॅनियमची करतात ती वजन घटवण्यासाठी. हलकी वस्तू मागे आणायला जोर कमी पुरतो. हा प्रश्न जगातल्या मोठमोठ्या कारखान्यांनाही सुटत नव्हता. मर्सिडीजने १९५४ च्या शर्यतीच्या गाडीत स्प्रिंगच काढून टाकली आणि झडप मिटवायलाही यांत्रिक हात बसवला. १९८६ साली रेनॉने शर्यतीच्या इंजिनात स्प्रिंगच्या जागी दाबाखालची हवा भरली. हा सारा खटाटोप अतिवेगासाठी. आपल्या ट्रॅक्टरचे इंजिन साधारण दोन-सव्वादोन हजार फेऱ्यांचे. कारखान्याने दिलेली स्प्रिंग तेवढ्याला पुरून उरते. गरज नसताना कडक स्प्रिंग घातली तर एक पैशाची ताकद वाढत नाही. उलट कॅम आणि टॅपेट झिजतात, पुशरॉडवर भार येतो, झडप सीटवर आदळून सीट खराब होते. परक्या मापाच्या स्प्रिंगचे वेढे जाड असले, तर झडप पूर्ण उघडण्याआधीच वेढ्याला वेढा टेकतो. मग पुशरॉड वाकल्याशिवाय राहत नाही.

खरी चूक स्प्रिंगेत नसते, ती फेऱ्या वाढवण्यात असते. पाणी जास्त यावे म्हणून विहिरीवरच्या इंजिनाचा गव्हर्नर पिळणारे गावोगाव आहेत. हिशेब असा आहे. १५०० च्या १८०० फेऱ्या केल्या तर पंपाचे पाणी फार तर पाचव्या हिश्श्याने वाढते. पंप ओढायला लागणारी ताकद मात्र जवळजवळ पावणेदोन पट होते, म्हणजे डिझेलही त्याच मानाने जळते. झडप मागे आणण्याचा जोर दीडपटीच्या घरात जातो. नव्या स्प्रिंगेला हे झेपेल, दहा वर्षे तापून थकलेलीला झेपेलच असे नाही. पाणी कमी पडत असेल तर फुटव्हॉल्व्ह, पाईप आणि पंपाचा पंखा आधी पाहा.

दुसरा धोका उसाच्या हंगामातला. राहुरी, श्रीरामपूर, कोपरगावच्या पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्या लावून रात्रंदिवस वाहतूक चालते. सपाटीवर गव्हर्नर फेऱ्या आवरतो. पण करंजीसारख्या घाटात भरला ट्रॅक्टर लहान गिअरमध्ये वेगाने खाली सुटला, तर मागचा भारच चाकांतून इंजिन फिरवतो. गव्हर्नर डिझेल तोडतो, फेऱ्या तोडू शकत नाही. अशा वेळी झडपा तरंगतात. म्हणून काही ड्रायव्हर न्यूट्रल करतात. ते तर त्याहून वाईट; मग सगळा भार ब्रेकवर येतो आणि तापलेला ब्रेक ऐन वळणावर धरत नाही. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता, तोच गिअर उतार लागण्याआधी, वेग कमी करून टाकावा आणि तळापर्यंत बदलू नये. इंजिन किंचाळायला लागले तर ब्रेक दाबावा, क्लच दाबू नये. हे घरच्या पोराला आणि पगारी ड्रायव्हरला सारखेच बजावून सांगा. यंत्र दुरुस्त होते हो, पण उतारावरून सुटलेल्या ट्रॉलीपुढे कोण असेल ते सांगता येत नाही.

हंगामाआधी हेड उतरवलेच, तर मिस्त्रीजवळ बसून स्प्रिंगा तपासून घ्या. जुनी आणि नवी काचेवर शेजारी उभ्या करा. जुनी आखूड दिसली की ती थकली. गुण्या लावून पाहा, स्प्रिंग एका अंगाला कलली असेल तरी काढा. आणखी एक युक्ती चांगली आहे: दोन्ही स्प्रिंगा टोकाला टोक लावून, मध्ये पत्र्याचा तुकडा ठेवून व्हाईसमध्ये आवळा. जी जास्त दबेल ती अशक्त. एक काढायची तर सगळ्याच बदला. काही इंजिनांत स्प्रिंगेच्या पोटात दुसरी स्प्रिंग असते. दोघींचे पीळ उलट असतात, म्हणजे एकीचे वेढे दुसरीत अडकत नाहीत. आतली तुटली तरी इंजिन चालू राहते, म्हणून ती मुद्दाम पाहावी. ज्या स्प्रिंगेचे वेढे एका टोकाला दाट असतात, ते टोक खाली हेडकडे ठेवावे.

सीट वारंवार घासलेली असेल तर झडप आत बसते, तिची दांडी वर येते आणि स्प्रिंगेला जागा जास्त मिळून तिचा दाब घटतो. तिथे मोजून योग्य जाडीचा वॉशर घालणे बरोबर. पण "थोडा जोर येऊ द्या" म्हणून अंदाजाने वॉशर कोंबणाऱ्या फिटरचा हात धरा.

टोपीच्या आतले दोन अर्धे लॉक, कॉटर म्हणतात ते, दिसायला क्षुल्लक. झडप त्यांच्यावरच लटकलेली असते. ते झिजले किंवा दांडीची खाच झिजली तर झडप सरळ सिलिंडरमध्ये उतरते. या लॉकांवर पैसे वाचवू नका. बसवून झाले, की हेड बाकावर असतानाच दांडीच्या टोकावर लाकडी हातोडीने हलके ठोके द्यावेत, म्हणजे लॉक खाचेत बसतात. हेड चढवून टॅपेटचे अंतर पुस्तकाप्रमाणे लावल्यावर स्टार्टर मारण्याआधी इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे अडले तर जोर करू नका, हेडचे झाकण परत उघडा.