लाखाच्या आतली माणसे

एक लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांसाठी कायम निवारा. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने शहरी बेघरांसाठी हे प्रमाण ठरवले. आता २०११ ची जनगणना उघडा. दौंड शहर पन्नास हजारांच्या आसपास, शिरूर चाळीस हजारांच्या आत. म्हणजे दौंडच्या वाट्याला अर्धा निवारा, शिरूरच्या वाट्याला त्याहून कमी. सरकारी गणितात अर्ध्याचे शून्य व्हायला वेळ लागत नाही.

मुळात मापच चुकीचे आहे. दौंड हे पुणे-सोलापूर लोहमार्गावरचे जंक्शन. मनमाडची आणि बारामतीची गाडी इथूनच फुटते. तालुक्यात कुरकुंभची औद्योगिक वसाहत, तिकडे शिरूर तालुक्यात रांजणगावची. ठेकेदाराने हाकललेला मजूर, मुलांनी घराबाहेर काढलेली म्हातारी, चुकून गाडीत बसलेला मनोरुग्ण हे त्या गावचे रहिवासी नसतात. शहराची खानेसुमारी करून त्यांचा आकडा कसा निघणार? तो रात्री फलाटावर आणि एस.टी. स्टँडवर जाऊनच निघेल.

निवारा नाही, पण कायदा मात्र आहे. १९५९ चा भिक्षा प्रतिबंध कायदा मूळचा आपल्याच मुंबई राज्याचा. उपजीविकेचे साधन दिसत नाही आणि सार्वजनिक जागी अशा अवस्थेत थांबला आहे की भीक मागूनच जगत असावा, एवढ्यावर त्यात माणूस भिकारी ठरतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली दिल्लीपुरती त्यातली शिक्षेची कलमे घटनाबाह्य ठरवली. आणि ही काठी पहिल्यांदा कोणाच्या पाठीत बसते? १८७१ पासूनच्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवलेल्या जमाती १९५२ साली कागदावर विमुक्त झाल्या. पण स्टँडवर बसलेल्या पारधी बाईला आजही आधी पिशवी उघडायला सांगतात. जेवलीस का, हे कोणी विचारत नाही.

पैसा नाही, यंत्रणा नाही, हे रडगाणे आम्हाला ऐकवू नये. १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या जयस्तंभाला लाखो अनुयायी येतात. तेव्हा याच पुणे-नगर रस्त्यावर प्रशासन पाण्याचे टँकर, फिरती शौचालये, वैद्यकीय पथके उभी करते. लाखांसाठी जे जमते ते पन्नास जणांसाठी का जमू नये? बेघराचे नाव मतदार यादीत घेताना अधिकाऱ्याने रात्री जाऊन तो कुठे झोपतो हे पाहावे, अशी निवडणूक आयोगाची सूचना आहे. मतासाठी सापडणारा माणूस घोंगडीसाठी कसा हरवतो?

दोन्ही नगरपरिषदांनी स्टेशन आणि स्टँडजवळची एकेक पडीक इमारत रात्रीसाठी मोकळी करावी. बायकांना वेगळी खोली, पाणी, संडास आणि सरकारी दवाखान्याची आठवड्यातून एक फेरी हवी. दारात आधारकार्ड मागू नये. आपल्या मंडळांनीही १४ एप्रिलच्या वर्गणीतून डीजेचे थोडे पैसे वाचवून चादरी घ्याव्यात, पण नगरपरिषदेला अर्ज दिल्याची पोच आधी हातात घ्यावी.