घरचा यंत्रसेवक आणि परक्याची किल्ली

आपल्या समाजातील हौशी तरुणांस अलीकडे एक नवा नाद लागला आहे. हाक मारली असता उत्तर देणारा, औषधाची वेळ सांगणारा, या खोलीतून त्या खोलीत आपल्या चाकांनी जाणारा यंत्रसेवक स्वहस्ते बनवावयाचा. ह्या नादाचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. ज्या हातांनी नरकासुराची मान यंत्राने डोलविली आणि चतुर्थीच्या आराशीत चालते देखावे उभे केले, त्या हातांनी ही पुढची पायरी चढावी यात नवल कसले? परंतु ह्या मंडळींत जो वाद अहोरात्र माजलेला दिसतो, तो पाहून मात्र खेद वाटतो. पायथन श्रेष्ठ की सी++ श्रेष्ठ? गंध आडवे लावावे की उभे, यावरही कधी इतके हातघाईवर कोणी आले नसेल! आमचे स्पष्ट म्हणणे असे की, हा प्रश्नच चुकीचा आहे. आणि चुकीच्या प्रश्नावर भांडता भांडता खऱ्या प्रश्नाकडे सर्वांची पाठ झाली आहे.

प्रथम ह्या वादाचा निकाल लावू. चाक फिरविणाऱ्या मोटरीस दर सेकंदाला अनेक वेळा, ठराविक अंतराने, हुकूम द्यावा लागतो. हुकूम थोडा उशिरा पोचला तरी चाक ठरल्या जागेपुढे जाते. एकाच वेळी पन्नास कामे सांभाळणारा संगणक असा वक्तशीरपणा पाळील याची हमी नसते. म्हणून हे काम आर्डुइनोसारख्या लहानशा नियंत्रकाकडे द्यावे. त्याच्या जुन्या घडणीच्या ‘उनो’ ह्या पाटीवर कामचलाऊ स्मृती अवघी २ किलोबाइट. तेथे पायथनचा संसार मावत नाही, सी++ मावते. उलटपक्षी बोलणे ऐकणे, कॅमेऱ्यातील चित्र ओळखणे, उत्तर जुळविणे ही कामे रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावर पायथनने करावी; कारण तेथे तयार साहित्य विपुल आहे, आणि त्यातील वेगाची कामे आतून सी व सी++ यांतच लिहिलेली असतात. म्हणजे दोन्ही भाषा हव्यात, ज्याच्या त्याच्या जागी. पाथरवटाची छिन्नी थोर की सोनाराची फुंकणी, असा वाद कोणत्याही देवळाच्या कामावर कोणी घातला नाही. काम पुढे होते, हत्यार मागून आले.

तिसरे नाव वारंवार ऐकू येते ते रॉस ह्या यंत्रणेचे. यंत्रमानवाच्या निरनिराळ्या आज्ञावलींनी परस्परांस निरोप कसे द्यावेत, याची ती व्यवस्था होय. दोन चाके आणि एक ध्वनिग्राहक एवढ्यासाठी तिची गरज नाही. घराचा नकाशा स्वतः काढून वाट शोधणारा सेवक करावयाचा असेल तर अवश्य आहे. मात्र तिच्या पहिल्या पिढीचा आधार मे २०२५ मध्ये संपला. जुनी पाठ्यपुस्तके समोर ठेवून आजही तीच शिकणारा मनुष्य रिकाम्या झालेल्या घरात भाडे भरीत आहे. त्याने दुसरी पिढी, रॉस २, घ्यावी. आणि एक गोष्ट कोणत्याच भाषेत लिहू नये: थांबविण्याची कळ. ती दाबताच मोटरीचा विद्युत्प्रवाह तारेनेच तुटला पाहिजे. आजीच्या पायाशी आलेले यंत्र थांबावे की नाही, हा निर्णय आज्ञावलीवर सोडण्याचा नव्हे.

येथे वाद संपला. आता खरा प्रश्न: घरात वावरणाऱ्या ह्या सेवकाची किल्ली कोणाच्या हाती?

काही शहाणे म्हणतात, “एवढा खटाटोप कशाला? एखाद्या मोठ्या कंपनीची तयार सेवा जोडा, बोलणे तिच्या दूरच्या संगणकांवर जाऊ द्या, उत्तर आयते येईल.” त्यांनी जिबोची कथा ऐकावी. अमेरिकेत २०१४ साली लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करून ह्या घरगुती यंत्रमानवाची घोषणा झाली. २०१७ मध्ये तो घरोघर पोचला. २०१९ मध्ये त्याने आपल्या तोंडानेच घरच्या मंडळींचा निरोप घेतला, कारण ज्या दूरच्या संगणकांवर त्याची बुद्धी होती ते बंद व्हावयाचे होते. यंत्र मोडले नव्हते, मोटरी शाबूत होत्या. मालकाने पैसे भरले होते. परंतु प्राण दुसरीकडे ठेवलेला होता. राक्षसाचा प्राण पोपटात असल्याची गोष्ट आपण मुलांना सांगतो. जिबोचा पोपट कंपनीच्या पिंजऱ्यात होता. डिसेंबर २०२४ मध्ये मुलांसाठी बनविलेल्या मॉक्सी ह्या यंत्रमानवाच्या कंपनीनेही दुकान आवरले, आणि ‘आपला मित्र आता का बोलणार नाही’ हे लहानग्यांस समजाविण्याची पाळी आईबापांवर आली. कंपनीने जाता जाता आज्ञावली खुली करण्याची वाट धरली, म्हणून काही मॉक्सी पुढे बोलते राहू शकले. ह्या एका गोष्टीतच आमचे सारे म्हणणे आले आहे.

कंपनी टिकली तरी चिंता सरत नाही. ॲमेझॉनच्या काही इको यंत्रांत आवाजाचे ध्वनिमुद्रण घराबाहेर न धाडण्याची एक सोय होती. २८ मार्च २०२५ पासून कंपनीने ती काढून घेतली. नियम त्यांचा, यंत्र त्यांचे; घर मात्र तुमचे! देवस्थानच्या जामदारखान्याच्या किल्ल्या एकाच माणसाच्या हाती न ठेवण्याची आपली जुनी रीत आहे. तो माणूस चोर असतो म्हणून नव्हे. एकाच्या मर्जीवर सर्वांचे धन राहू नये म्हणून. जे महाजन तेथे एवढी दक्षता घेतात, तेच आपल्या देवघराच्या शेजारी, सुनेच्या व सासूच्या बोलण्यात, मुलीच्या स्थळाच्या चर्चेत, आजाऱ्याच्या कण्हण्यात परक्याचा कान आणून बसवितात आणि त्याची किल्ली आपल्याकडे नाही याचे त्यांस काहीच वाटत नाही, ही विसंगती आम्हांस असह्य वाटते.

आता भाषेचा मुद्दा. तो ह्या नियतकालिकाच्या वाचकांस तरी दुय्यम वाटू नये. बोलणे ऐकून लिहून काढणारे व्हिस्पर नावाचे साधन २०२२ मध्ये खुले झाले. ते घरच्या संगणकावर चालते. परंतु त्याच्या भाषांच्या यादीत मराठी आहे, कोंकणी नाही. आयआयटी मद्रास येथील एआय४भारत ह्या गटाने आठव्या परिशिष्टातील २२ भाषांसाठी असे साधन केले, त्यात कोंकणीही आहे, आणि तेही खुले आहे. खुलेपणाचे महत्त्व असे की, त्यास आपण पुढे शिकवू शकतो. इंदूर-ग्वाल्हेरची हिंदीच्या वळणाची, वडोदऱ्याची गुजराती शब्दांची, बेळगावची कानडी हेलाची मराठी, अंत्रुजची कोंकणी: ह्यांचे नमुने ध्वनिमुद्रित करून जाणत्या तरुणाने त्या साधनास अधिक तयार करावे. बंद यंत्रापुढे मात्र आजीलाच आपली भाषा बदलावी लागते. ज्या घरात धनीण सेवकाच्या भाषेत बोलू लागते, त्या घरात सेवक कोण आणि धनी कोण?

“खुली साधनेही मरतात,” असा आक्षेप येईल. खरे आहे. मायक्रॉफ्ट ह्या खुल्या वाचासेवकाच्या कंपनीने २०२३ मध्ये काम थांबविले. परंतु आज्ञावली सर्वांपुढे होती, म्हणून इतरांनी ती उचलून पुढे चालविली. दुसरा आक्षेप: “सामान्य माणसास ती आज्ञावली वाचता कोठे येते?” देवस्थानच्या जमाखर्चाची वही तरी प्रत्येक महाजन कोठे वाचतो? कोणीही मागेल तेव्हा ती वाचता येते, एवढ्यानेच कारभार सरळ राहतो.

आणि ज्यांस यंत्रमानवाचे नाव निघताच ‘हे आमच्याकडे पूर्वीच होते’ असे म्हणावयाची सवय आहे, त्यांस एक सविनय विनंती. धारच्या भोजराजाच्या नावावर असलेला अकराव्या शतकातील ‘समरांगणसूत्रधार’ हा ग्रंथ टी. गणपतिशास्त्री यांनी संपादून वडोदऱ्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२४-२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या यंत्रविधानाच्या अध्यायात लाकडी सेवकांचे, द्वाररक्षकांचे वर्णन आहे. अभिमान अवश्य बाळगा; परंतु त्याच अध्यायात ग्रंथकार सांगतो की, यंत्रांची जुळणी आपण गुप्ततेसाठी सांगितलेली नाही, अज्ञानामुळे नव्हे. परिणाम काय झाला? गुप्तता राहिली, विद्या राहिली नाही. वर्णन आपल्या हाती आले, यंत्र आले नाही. ज्ञानाचे कवाड लावून घेतल्याची किंमत एकदा मोजलेल्या समाजाने आज दुसऱ्याचे लावलेले कवाड पैसे देऊन घरी आणावे काय?

म्हणून आमच्या तरुण मित्रांनो, हत्यार निवडताना भाषांची तुलना करणारे तक्ते बाजूस ठेवा. इंटरनेटची तार काढली तर आपला सेवक निदान हाकेला ओ देईल काय? बनविणारा उद्या नाहीसा झाला तर दुसरा कोणी त्यास दुरुस्त करू शकेल काय? आत काय चालले आहे हे शेजारचा जाणता मुलगा उघडून पाहू शकेल काय? घरातील सर्वांत वृद्ध माणसाची बोली तो शिकेल काय? ह्या चार प्रश्नांस ‘होय’ असे उत्तर देणारे साधन अंमळ ओबडधोबड असले, त्याचा सेवक प्रथम अडखळत बोलला, तरी तेच घ्या. अडखळणाऱ्याला शिकविता येते, आणि शिकविण्याचा अधिकार तुमचा राहतो. तो अधिकार सोडून मिळणारी चतुराई कितीही चकचकीत असली तरी, आमच्या मते, ती उंबऱ्याबाहेर ठेवण्याच्याच योग्यतेची आहे.