जुनी फाटके आणि फुकटे प्रवासी

यंत्राने माणसाचे धोरण कसे ठरवावे, याचा एक मासलेवाईक दाखला न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या इतिहासात सापडतो. १९०४ मध्ये सुरू झालेल्या या रेल्वेचे भाडे १९४८ पर्यंत पाच सेंटच राहिले. त्या वर्षी ते दहा सेंट झाले, तोवर अडचण नव्हती. कारण पाच सेंटप्रमाणे दहा सेंटचेही नाणे चलनात होते. १९५३ मध्ये भाडे पंधरा सेंट करावयाचे ठरले, तेव्हा मात्र पंचाईत झाली. पंधरा सेंटचे नाणे नाही आणि फाटकाला दोन निरनिराळी नाणी ओळखता येत नाहीत! अखेर त्यासाठी खास टोकन पाडावे लागले आणि ते पुढे पन्नास वर्षे, म्हणजे २००३ पर्यंत, चालू राहिले.

त्याच फाटकाने आज पुन्हा तेथील कारभाऱ्यांना पेचात टाकले आहे. सध्याची फिरत्या दांड्यांची फाटके मुख्यतः १९९० नंतरच्या दशकात चुंबकीय पट्टीच्या मेट्रोकार्डाबरोबर आली. २०१९ पासून त्यांच्यावरच कार्ड अथवा फोन टेकविण्याची नवी यंत्रे बसविण्यात आली आणि २०२५ अखेर मेट्रोकार्डाची विक्रीही थांबली. डोळा नवा, सांगाडा तोच. कमरेइतका दांडा धडधाकट तरुण सहज ओलांडतो. कोणी तो किंचित मागे ओढून फटीतून आत शिरतो. उलट मुलाची ढकलगाडी घेतलेली आई, सामानाने लादलेला प्रवासी किंवा चाकांच्या खुर्चीतील माणूस यांना मात्र हे फाटक खरोखरच अडविते. ज्याला अडवावयाचे तो निसटतो आणि ज्याला वाट द्यावयाची तो अडकतो, अशी ही व्यवस्था आहे.

अडकलेल्यांसाठी, आणि मुख्यतः आगीसारख्या प्रसंगासाठी, शेजारी एक रुंद दार असते. अग्निसुरक्षेच्या नियमांमुळे त्याला आतून कुलूप घालता येत नाही; आडवी दांडी ढकलली की ते उघडते. गाडी आली, की घाईचा लोंढा अरुंद फाटकांसमोर रांग न लावता याच दारातून बाहेर पडतो आणि दार मिटण्यापूर्वी बाहेरचे दहाजण आत येतात. पूर्वी ते उघडताच कर्कश भोंगा वाजत असे. प्रवासी त्याला इतके विटले, की दहा वर्षांपूर्वी तो बंदच करण्यात आला. वाहतूक प्राधिकरणाने नेमलेल्या समितीने मे २०२३ मध्ये अहवाल दिला. २०२२ या एका वर्षात भाडे व टोल चुकविल्यामुळे झालेले नुकसान तिने ६९ कोटी डॉलर धरले. त्यात भुयारी रेल्वेचा वाटा २८.५ कोटींचा होता आणि त्यातील निम्म्याहून अधिक गळती या संकटकाळच्या दारातून होत होती.

फाटकांचे टीकाकार एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. त्याच अहवालात बसगाड्यांचे नुकसान ३१.५ कोटी, म्हणजे रेल्वेपेक्षाही अधिक, दाखविले आहे. आणि बसला फाटक नसते. तेव्हा फाटक निरुपयोगी आहे असे म्हणता येणार नाही. प्रश्न त्याच्या किमतीचा आहे. २०२५ ते २०२९ च्या भांडवली योजनेत १५० स्थानकांवर नवी, उंच काचेच्या झडपांची फाटके बसविण्यासाठी सुमारे ११० कोटी डॉलर धरले आहेत. एकूण स्थानके ४७२. उद्या सर्व स्थानकांवरील भाडेचुकवेगिरी समूळ नाहीशी झाली, असे मानले तरी ही रक्कम भरून निघण्यास जवळजवळ चार वर्षे लागतील. आणि फाटके तर एकतृतीयांशाहून कमी स्थानकांवर बसावयाची आहेत. ती गर्दीच्या स्थानकांवर बसतील, म्हणून हिशेब काहीसा सुधारेल हे खरे. पण नव्या यंत्रालाही लोक वळसा घालतातच. २०२३ च्या अखेरीस क्वीन्समधील एका स्थानकावर अशी फाटके बसली आणि काही दिवसांतच, वरून हात घालून आतल्या संवेदकाला फसविले की झडपा आपोआप उघडतात, हे लोकांनी शोधून काढले.

भांडवली खर्चाच्या या चर्चेत एक जुना निर्णय मात्र कोणी उकरून काढीत नाही. २०१० च्या सुमारास काटकसर म्हणून याच प्राधिकरणाने अनेक स्थानकांवरील खिडक्या बंद केल्या आणि तेथील कर्मचाऱ्यांना घरी पाठविले. दारावर नजर ठेवणारा आणि ढकलगाडीसाठी दार उघडून देणारा माणूसच त्या वेळी गेला. पुढे २०२२ पासून त्याच दारांपाशी खासगी रखवालदार उभे करावे लागले. वेतनाच्या रकान्यातून वगळलेला खर्च कंत्राटाच्या रकान्यात परत आला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशीच ही काटकसर होती.

रखवालदाराहून महाग उपाय पोलिसाचा. सप्टेंबर २०२४ मध्ये ब्रुकलिनच्या सटर ॲव्हेन्यू स्थानकात भाडे न देता शिरलेल्या एका इसमाचा पोलिसांनी पाठलाग केला. त्याच्याजवळ चाकू होता. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्यात तो, एक पोलीस आणि दोन निरपराध प्रवासी जखमी झाले. प्रवाशांपैकी एकाच्या डोक्यात गोळी लागली. भाडे त्या वेळी दोन डॉलर नव्वद सेंट होते. कोणत्याही जमाखर्चात हा व्यवहार बसविता येणार नाही.

बर्लिनच्या भुयारी रेल्वेला फाटकेच नाहीत; गाडीत अवचित तपासनीस येतो आणि तिकीट नसल्यास ६० युरो वसूल करतो. मुंबईच्या लोकलचे तत्त्वही हेच. तेथील गर्दीच्या वेळी प्रत्येकाला फाटकातून सोडावयाचे म्हटले, तर दादरचा पूलच कोंडेल. २०१४ पासून धावणाऱ्या मुंबई मेट्रोने मात्र फाटकांचा मार्ग पत्करला आहे. आज ती नवी आहेत आणि त्यांच्या शेजारी मदतीला माणूसही उभा असतो. त्याचे वेतन खर्चात धरावयाचे की वाचवावयाचे, हा प्रश्न दहा वर्षांनी, यंत्रे जुनी झाली आणि तोटा वाढला म्हणजे, येथेही निघेल. न्यूयॉर्कमध्ये जानेवारी २०२६ पासून भाडे तीन डॉलर झाले आहे आणि ते प्रामाणिकपणे भरणारा प्रवासी बहुतेक स्थानकांवर अजून जुन्याच फाटकातून आत जातो.