एका वेळी एकच दुरुस्ती

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगत आले. मात्र दुसऱ्याने बांधलेले जुने घर विकत घेऊन ते दुरुस्त करून पाहावे की नाही, याविषयी त्यांनी काही सांगून ठेवलेले नाही. त्यांच्या काळी गावातले घर बहुधा वारशाने मिळे आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वी कौले चाळून घेतली की पुढच्या वर्षापर्यंतची चिंता मिटे. आज बेळगाव शहरातील जागेचे भाव नव्याने व्यवसाय मांडणाऱ्या डॉक्टरच्या आवाक्यात राहिलेले नाहीत. उलट काकती, होनगा, कडोली, कंग्राळी या भोवतालच्या गावांत, वारस पुण्या-मुंबईला गेल्यामुळे, कितीतरी कौलारू घरे कुलूप लावून उभी आहेत. त्यामुळे अशी घरे घेण्याचा विचार आपल्यापैकी काही तरुण सहकारी करीत आहेत, आणि त्यांतल्या एखाद्याच्या दारात वडिलांच्या किंवा काकांच्या काळातील जीपही उभी असते. 'घर घेऊ का? आणि जीप ठेवू की विकू?' हे दोन प्रश्न मला एकाच दमात विचारले जातात. मी दोन्ही केले आहे आणि दोन्हींत चुकलोही आहे. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने माझे मत स्पष्टपणे मांडतो. घर अवश्य घ्यावे, जीपही ठेवावी. परंतु दोन्ही एकाच वेळी उघडू नयेत.

हे मत अनुभवाने आलेले आहे, म्हणून तो अनुभव आधी सांगणे भाग आहे. मी काकतीच्या गावठाणात जे घर घेतले ते दगड-मातीच्या भिंतींचे, मंगळुरी कौलांचे, पुढे सोपा, मध्ये माजघर आणि मागे परसाकडे पडवी अशा जुन्या बेताचे. सागवानी खांब आणि तुळया शाबूत होत्या, वाशांचे मात्र भरवशाचे नव्हते. जीप म्हणजे महिंद्राची एमएम 540, प्यूजोचे 2.1 लिटरचे डिझेल इंजिन असलेली. 1947 पासून आपल्याकडे विलीज जीपची जुळणी करणाऱ्या कंपनीने त्याच वंशात पुढे काढलेली ही गाडी. चारही चाकांना ताकद देणारा तिचा छोटा दांडा ओढला की पावसाळ्यात वंटमुरीच्या डोंगराकडील चिखलाच्या वाटांवरच्या वस्त्यांत रुग्ण पाहायला जाता येते. त्या वाटांवर साध्या मोटारीचे काम नाही. तेव्हा जीप ही माझी हौस नव्हती, ती व्यवसायाचे साधन होती, आणि नेमके हेच मी एका वर्षी विसरलो.

त्या वर्षी वैशाखात घराचे मागचे छप्पर उतरवले. कामगार दोन लग्नांत आणि एका जत्रेत अडकले, लाकूड वेळेवर आले नाही आणि मृग लागला तरी अर्धे छप्पर ताडपत्रीखालीच राहिले. याच सुमारास जीपच्या इंजिनात तेलाचा दाब घसरू लागला. 'नाहीतरी घराचे काम चालूच आहे, तर हेही उरकून घेऊ,' असे म्हणून मी इंजिन उतरवायला सांगितले. क्रँकशाफ्ट ग्राइंडिंगसाठी उद्यमबागेत गेला आणि बाकीची जीप गॅरेजमध्ये ठोकळ्यांवर चढली. आषाढातल्या एका रात्री दीडच्या सुमारास आईला धाप लागली. ती उशाला टेकून बसली होती, आडवे होता येत नव्हते, छातीत घरघर ऐकू येत होती. काय झाले आहे हे सांगायला डॉक्टर असण्याचीही गरज नव्हती. घरी होते ते इंजेक्शन दिले. रुग्णवाहिकेसाठी फोन केला तर ती दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेलेली. ज्याच्या दारी एरवी रात्री-अपरात्री लोक गाडी मागायला येत, तो मी भर पावसात शेजारच्या दूधवाल्यांचे दार ठोठावत होतो. त्यांच्या टेम्पोत, दुधाच्या रिकाम्या कॅनच्या मध्ये गादी टाकून, मी आईला बेळगावला नेले. अंतर पंधरा-वीस मिनिटांचे, पण तेवढ्या वेळात मी स्वतःला जे प्रश्न विचारले त्यांची उत्तरे आजही मजजवळ नाहीत.

आई वाचली. तिसऱ्या दिवशी तिने एवढेच विचारले, 'छपराला अजून किती दिवस लागतील रे?' तिच्या प्रश्नात राग नव्हता, आणि म्हणूनच तो मला अधिक लागला.

जुनी वस्तू आणि वृद्ध रुग्ण यांत एक साम्य आहे. दोघांचेही रोजचे व्यवहार बरे चाललेले असतात, पण राखीव शक्ती फार थोडी असते. म्हणूनच वृद्ध रुग्णावर दोन मोठ्या शस्त्रक्रिया करायच्या असतील तर, निकडीचा प्रसंग वगळता, आपण त्या दोन टप्प्यांत करतो. पहिल्यातून तो उठून चालू लागला की मग दुसरीचा विचार. घर आणि गाडी यांच्या बाबतीत मात्र हीच माणसे 'एकदाच काय तो त्रास होऊ दे' असे म्हणतात. त्रास एकदाच होत नाही. एकाच वेळी दोन कारागिरांची वाट पाहावी लागते, दोन्हीकडचे अंदाजपत्रक फुगते आणि पैसे एकाच खिशातून जातात. एक वस्तू अंथरुणाला खिळली असता दुसरी पायावर उभी पाहिजे, हा माझा पहिला नियम आहे.

सुदैवाने आपल्या भागातील ऋतुचक्रच या दोन कामांची वाटणी करून देते. पावसाळ्यात घर उघडता येत नाही आणि जीपची गरज सर्वांत जास्त असते, तेव्हा जीपची मोठी कामे दिवाळीनंतर संक्रांतीपर्यंत उरकावीत. ती रस्त्यावर आली की होळीनंतर छपराला हात घालावा आणि रोहिणी नक्षत्राच्या आत शेवटचे कौल बसवावे. त्या मुदतीत पुरे होणार नाही असे वाटले तर अर्धेच छप्पर काढावे. उरलेले पुढच्या वर्षी. अर्धे काम पुरे झालेले घर राहण्याजोगे असते, पुरे काम अर्धे झालेले नसते.

दुसरा नियम क्रमाचा. येथेही मी उलटा चाललो होतो. घरात पहिला खर्च मी भिंती गुळगुळीत दिसाव्यात म्हणून सिमेंटच्या गिलाव्यावर केला. दगड-मातीची भिंत जमिनीतून ओल ओढते आणि अंगावरून ती हवेत सोडून देते. मातीचा अथवा चुन्याचा गिलावा तिला हे करू देतो, सिमेंटचा देत नाही. मग ओल आतच कोंडते, वर वर चढते, दगडांमधील माती मऊ होते आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा फुगून मातीचा थर घेऊनच खाली येतो. वाहणारी जखम स्वच्छ न करता वरून शिवून टाकण्याचाच हा प्रकार. एखाद्या शिकाऊ डॉक्टरने तसे केले असते तर मी त्याला फैलावर घेतले असते, स्वतःच्या घरात मात्र पैसे देऊन करवून घेतले. घराचा खरा क्रम असा : प्रथम पाणी, म्हणजे छपराची गळती, पन्हळी आणि भिंतीच्या पायथ्याशी साचणारे पाणी दूर नेणारा उतार, मग आधार, म्हणजे तुळया, वासे आणि विशेषतः भिंतीत शिरलेली त्यांची टोके, कारण वाळवी तेथून सुरुवात करते, मग वीज, आणि रंग सर्वांत शेवटी.

जीपचेही तसेच. इंजिनाचा आवाज सर्वांना ऐकू येतो, म्हणून पैसा तिकडे जातो. वंटमुरीचा घाट उतरताना एकदा ब्रेकचे पेडल माझ्या पायाखाली हळूहळू खोल गेले. गिअर खाली घेत कशीबशी गाडी थांबली. चाकातील सिलिंडर पाझरत होते आणि ब्रेक ऑइल किती वर्षांत बदलले नव्हते कोणास ठाऊक. हे तेल हवेतील ओलावा शोषते. लांब उतारावर ब्रेक तापले की त्यातील पाण्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते पण दाब पुढे देत नाही. आमच्यासारख्या पावसाच्या प्रदेशात ते दर दोन वर्षांनी बदलावे. तेव्हा आधी ब्रेक, मग स्टिअरिंग आणि टायर, मग इंजिन. जी गाडी सुरू होत नाही ती फार तर गैरसोय करते, जी थांबत नाही ती जीव घेते.

तिसरी गोष्ट आपल्या व्यवसायाशी संबंधित आहे, आणि ती आपणच सांगितली नाही तर कोण सांगणार? जुन्या जीपच्या ब्रेक लायनिंगमध्ये आणि जुन्या घराच्या परसातील सिमेंटच्या पत्र्यांत बहुधा एकच पदार्थ असतो, तो म्हणजे ॲस्बेस्टॉस. गॅरेजमध्ये ब्रेकची धूळ हवेच्या झोताने उडवतात, बांधकामावर पत्रे हातोड्याने फोडतात. त्यातून उडणाऱ्या तंतूंचे परिणाम 20 ते 40 वर्षांनी दिसू लागतात, तोपर्यंत कामगार कोठे आणि आपण कोठे! धूळ पाण्याने धुऊन काढावी, पत्रे ओले करून अखंड उतरवावेत. जुन्या दारे-खिडक्यांवरील ऑइलपेंटचेही तेच. रंगातील शिशावर 90 पीपीएमची मर्यादा घालणारा नियम 2017 च्या नोव्हेंबरात अमलात आला. त्यापूर्वीचे थर कोरडे घासू नयेत आणि ते काम चालू असता लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नये. कामगारांच्या धनुर्वाताच्या लसीची विचारपूसही आपणच करावी. खिळा गंजलेला आहे की नाही, यापेक्षा तो माती-शेणात पडलेला होता का, हे महत्त्वाचे.

आता कागदपत्रांविषयी थोडे, कारण जुन्या घराचे पहिले निदान दाराशी नव्हे, दप्तरात होते. बेळगाव जिल्हा 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता. त्यामुळे एखाद्या घराचे जुने खत मराठीत, क्वचित मोडीत, आणि आजचा ग्रामपंचायतीचा उतारा कानडीत असे पाहायला मिळते. दोन्ही कागदांतील घर एकच आहे का, हे दोन्ही भाषा जाणणाऱ्या वकिलाकडून समजून घ्यावे. नमुना 9 व 11 आणि बोजाचा दाखला पाहिल्याशिवाय इसारा देऊ नये. वडिलोपार्जित घर असेल तर लग्न होऊन गेलेल्या मुलींच्या सह्या घ्याव्यात. 'त्या काही मागणार नाहीत' हे वाक्य कायद्याला ठाऊक नाही. जीपच्या बाबतीत 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. त्याचे शुल्क एप्रिल 2022 मध्ये 600 वरून 5,000 रुपये झाले आणि 20 वर्षांहून जुन्या हलक्या वाहनांसाठी ऑगस्ट 2025 मध्ये ते 10,000 करण्यात आले. हा खर्चही हिशेबात धरावा.

यावर कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशासाठी? कर्ज काढून सदनिका घ्यावी, नवी गाडी घ्यावी आणि सुखाने राहावे. ज्यांना ते जमते त्यांनी जरूर तसे करावे, त्यात कमीपणा नाही. जुन्याचा मोह हाही मोहच आहे. तुळईचे टोक पोकळ झाले असेल, जीपच्या चेसीला भेग गेली असेल, तर हात जोडून निरोप द्यावा. पण जेथे सांगाडा भक्कम आहे तेथे घर पाडून स्लॅब ओतणे म्हणजे निदान न करता अवयव काढून टाकणे होय. आपल्या भोवती त्यासाठी लागणारे हातही आहेत. बेळगावच्या उद्यमबागेत आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात बाजारात न मिळणारा भाग लेथवर करून मिळतो. चुन्याचे काम जाणणारे गवंडी मात्र वयस्क झाले आहेत. आपण त्यांना काम दिले नाही तर त्यांचे पुतणे-भाचे ते शिकणार नाहीत.

शिवाय वापर हे जुन्या वस्तूचे मोठे औषध आहे. राणी चन्नम्मा आमच्या काकतीची लेक. 1824 च्या संग्रामानंतर तिचा कित्तूरचा वाडा ओस पडला आणि आज त्याचे अवशेषच उरले आहेत. 1892 मध्ये स्वामी विवेकानंद बेळगावात आले असता रिसालदार गल्लीतील ज्या भाटे यांच्या घरी उतरले, ते घर मात्र पुढे जतन झाले. राजवाडा पडतो आणि वकिलाचे राहते घर टिकते, यात भिंतींच्या जाडीपेक्षा दिवाबत्तीचा भाग मोठा असतो. जीपही आठवड्यातून दोनदा धावली तरच धावती राहते.

आमचे छप्पर त्या वर्षी श्रावण संपता संपता पुरे झाले आणि आई पुन्हा माजघरात आली. सिमेंटचा गिलावा काढून भिंतींना चुना लावायला पुढची दोन वर्षे लागली, कारण एका वेळी एकच भिंत घेतली. जीपचे इंजिन आता उत्तम आहे, तिचा रंग मात्र मी अजून दिलेला नाही. त्याची पाळी यायची आहे. रोज रात्री ती अंगणात लावताना मी तिचे तोंड रस्त्याकडे करून ठेवतो.