पाचवा प्रश्न कोण विचारणार?

एचआयव्हीची बाधा म्हणजे मृत्यूचे बोलावणे, ही समजूत आता खोटी ठरली आहे. १ एप्रिल २००४ पासून केंद्र शासनाने विषाणूरोधक औषधोपचार, म्हणजेच एआरटी, मोफत देण्यास प्रारंभ केला. ज्या सहा राज्यांना अग्रक्रम मिळाला, त्यांत महाराष्ट्र होता. त्या काळात विशी-तिशीत असलेल्या ज्या स्त्रियांना औषध मिळाले आणि ज्यांनी ते नेमाने घेतले, त्या आज पंचेचाळिशी-पन्नाशीच्या उंबरठ्यावर आहेत. हे यश निःसंशय मोठे आहे. परंतु जगविलेल्या माणसाचे वय वाढते, याचा विचार व्यवस्थेने अद्याप पुरेसा केलेला नाही.

भारतीय स्त्रीची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी कायमची थांबते. त्याआधीची व नंतरची काही वर्षे अंगातून एकाएकी वाफा निघणे, रात्री घामाने भिजणे, झोप उडणे, सांधे दुखणे, मन खिन्न होणे, असे त्रास अनेकींना होतात. कोणत्याही स्त्रीच्या वाट्याला येणारी ही अवस्था एचआयव्हीबाधित स्त्रीच्या बाबतीत मात्र गोंधळाची ठरते. एआरटी केंद्रात प्रत्येक भेटीत क्षयरोगाच्या शोधासाठी चार प्रश्न विचारले जातात: खोकला आहे का, ताप येतो का, वजन घटले का, रात्री घाम येतो का? शेवटच्या प्रश्नाला एखादी सत्तेचाळीस वर्षांची स्त्री ‘हो’ म्हणाली, तर तो घाम क्षयाचा की रजोनिवृत्तीचा? क्षयाची तपासणी टाळणे घातक होय. ती झालीच पाहिजे. परंतु तपासणीत काही आढळले नाही, की तिला ‘काही नाही’ म्हणून परत पाठविणे हाही उपचार नव्हे. तेथे पाचवा प्रश्न हवा: पाळी नियमित येते का, शेवटची कधी आली?

यवतमाळसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न अधिकच निकडीचा आहे. येथे निंदण आणि कापूस वेचणी हे प्रामुख्याने बायांचे काम. विदर्भाच्या उन्हाळ्यात अंगाची लाही झाली, तर ऊन लागले असे म्हणून विषय संपतो. रात्री झोप नाही, याला चिंता हे कारण तयारच असते. आणि जिला आपल्या रक्तातील विषाणूची जाणीव आहे, तिच्या मनात पहिली शंका येते ती ‘रोग उलटला’ किंवा ‘गोळ्या बाधल्या’ अशी. अशा शंकेपोटी गोळ्या सुटल्या, तर वीस वर्षांची कमाई धोक्यात येते. ही भीती काल्पनिक नव्हे. इंग्लंडमध्ये ४५ ते ६० वयाच्या ८६९ एचआयव्हीबाधित स्त्रियांचा ‘प्राइम’ हा अभ्यास झाला. ज्यांना रजोनिवृत्तीचा त्रास तीव्र होता, त्यांच्यात औषध चुकविण्याचे प्रमाण अधिक असल्याचे त्यात दिसले.

वैद्यकीय बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. पाळी थांबल्यावर हाडे ठिसूळ होऊ लागतात. प्रचलित गोळीतील टेनोफोविर या घटकानेही हाडांची घनता काही प्रमाणात घटते. दोन्ही एकत्र आल्यास डोक्यावर ओझी वाहणाऱ्या स्त्रीच्या मणक्याचे काय होणार? हृदयविकाराचा धोका एचआयव्हीबाधितांत मुळातच अधिक, तो पाळी गेल्यावर आणखी वाढतो. उलट, पाळी चुकली म्हणजे रजोनिवृत्तीच, असेही नाही. अशक्तपणा, दुसरा आजार किंवा गर्भधारणा हेही कारण असू शकते. सलग बारा महिने पाळी न आल्यावरच ती गेली असे मानावे, हे साधे ज्ञानही फार थोड्यांपर्यंत पोहोचले आहे. संप्रेरकांचे उपचार अशा स्त्रियांनाही देता येतात. मात्र चालू औषधांशी त्यांचा मेळ तज्ज्ञाने पाहावयास हवा.

यासाठी नवी इमारत वा मोठी तरतूद लागत नाही. यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एआरटी केंद्र आहे आणि स्त्रीरोग विभागही आहे. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक बाधित स्त्रीच्या नोंदपत्रकावर पाळीचा रकाना असावा, समुपदेशकांना या विषयाचे प्रशिक्षण मिळावे आणि त्रास असणारीला त्याच दिवशी, त्याच फेरीत स्त्रीरोगतज्ज्ञाकडे नेले जावे. मजुरी बुडवून आलेल्या स्त्रीला पुन्हा दुसऱ्या दिवशी बोलावणे म्हणजे न बोलावणेच होय. तिची बाधा गुप्त राखण्याची जबाबदारी २०१७ च्या कायद्याने घातलेलीच आहे. एका विभागातून दुसऱ्या विभागात पाठविताना तिचा विसर पडू नये.

पाळी जाण्याविषयीचे मौन केवळ खेड्यातले नाही. शाळेतील शिक्षिका आणि कचेरीतील कारकून स्त्रीही हा त्रास मुकाट्याने सोसते. मग जिच्यावर दुहेरी कलंकाचे दडपण आहे, तिने आपण होऊन तोंड उघडावे ही अपेक्षा निष्ठुरपणाची आहे. म्हणूनच आधी विचारण्याचे कर्तव्य व्यवस्थेचे आहे. या स्त्रियांना मरणातून सोडविण्यासाठी शासनाने खर्च केला, तो योग्यच केला. त्यांचे उरलेले आयुष्य सुसह्य व्हावे, एवढ्यासाठी एक प्रश्न अधिक विचारणे जड वाटू नये.